इंद्रलोक ते आर्मेनियन लेन : न उरलेल्या भाकरीचा माग

१/ आर्मेनियाची राजधानी येरेवान. पाहुण्यांना या शहराची आडबाजू दाखवणाऱ्या फेऱ्यांचा शेवट पुष्कळदा एका भट्टीपाशी होतो. जमिनीत पुरलेली मातीची भट्टी, तिच्या काठाशी बसलेल्या बायका आणि भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापली जाणारी कागदासारखी पातळ भाकरी. भट्टीचे नाव तोनीर, भाकरीचे नाव लवाश. अशी फेरी मुंबईत काढता येईल का? मुंबईत आर्मेनियन नावाची गल्ली आहे, आर्मेनियन चर्च आहे. शहराच्या रोजच्या खाण्यात मात्र आर्मेनियन भाकरीचा मागमूस नाही. ती का उरली नाही, या प्रश्नाचा हा धागा.

२/ फेरीची सुरुवात भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकापासून करावी. इमारतींच्या या वस्तीत जुने असे काही डोळ्यांना दिसत नाही. पण पायाखालची जमीन साष्टी बेटाची उत्तर कड आहे. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचे 'साल्सेत' झाले. उत्तरेला वसईची खाडी, खाडीत पाणजू बेट, काठाने मिठागरे आणि पलीकडे वसईचा किल्ला. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढची सुमारे दोनशे वर्षे हा टापू त्यांच्या अमलाखाली होता.

३/ 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागची अडचण मात्र फारशी सांगितली जात नाही. कोकण हा भाताचा मुलूख. गहू बाहेरून आणावा लागे, आणि युरोपात पीठ फुगवायला वापरतात ते खमीर इथे नव्हते. उत्तर झाडावर सापडले. गोव्यातल्या पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ आंबवले. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत ताडी त्या कामी आली. परक्या भाकरीला स्थानिक झाडाचा रस मिळाला, आणि तेव्हाच ती परकी राहिली नाही.

४/ इंद्रलोकाच्या पश्चिमेस, त्याच महापालिकेच्या हद्दीत डोंगरी, चौक आणि उत्तन ही जुनी गावे आहेत. चौकजवळच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. धारावी म्हटले की मुंबईतली वस्ती आठवते. ही धारावी वेगळी. वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणाऱ्या या टेकडीसाठी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. पोर्तुगीज सत्ता गेली. भाकरी मात्र गेली नाही, कारण ती भाजणारी माणसे इथलीच होती आणि ती इथेच राहिली.

५/ या माणसांना आज 'ईस्ट इंडियन' म्हणतात. नाव तसे अलीकडचे आहे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली. कामाच्या शोधात मुंबईत आलेल्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा हेतू होता. कंपनीच्या नावाशी जुळणारे नाव घेतलेल्या या समाजाची बोली मात्र मराठीच आहे.

६/ त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. एक, तांदळाच्या पिठाची हातावर थापलेली भाकरी. दुसरी, फुगिया : आंबवलेल्या मैद्याचे, हाताच्या मुठीतून सोडून तळलेले गोल फुगे. फुगिया लग्नघरचा पदार्थ. 'उंबराचे पाणी' आणण्याच्या विधीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत सारे लग्न भाऊबंदांच्या आणि शेजारणींच्या हातांवर उभे राहते. एका हाताने होणारे हे काम नाही. पीठ फेटायला एक, कढईपाशी दुसरी, आणि मीठ-गोडी ठरवायला घरातली सर्वांत वडील बाई.

७/ म्हणजे भाकरीचे दोन संसार दिसतात. एक बाजारातला : बेकरी, भट्टी, सायकलवरून दारोदार जाणारा पाववाला, आणि विकत घेणारा कोणीही. दुसरा घरातला : ठरावीक सण, ठरावीक हात, आणि खाणारे आपलेच. पहिला पैशावर चालतो, दुसरा नात्यावर. आर्मेनियन भाकरीचा माग घेताना हा फरक हाताशी ठेवावा लागतो.

८/ आता भाईंदरहून लोकल. सुमारे ४३ किलोमीटरवर चर्चगेट. तिथून हुतात्मा चौक ओलांडून नगीनदास मास्टर मार्गावर शिरावे. या रस्त्याचे जुने नाव मेडोज स्ट्रीट. १७८८ ते १७९० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम मेडोजवरून पडलेले. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, त्यापूर्वी हा सारा भाग तटबंदीच्या आत होता. इथेच १७९६ मध्ये सेंट पीटरचे आर्मेनियन चर्च उभे राहिले. जवळच आर्मेनियन लेन. रोज हजारो माणसे येथून जातात. त्यांतल्या फार थोड्यांची मान वर होते.

९/ हे आर्मेनियन आले कोठून? बहुतेकांची वाट इराणातून आली. १६०४-०५ मध्ये उस्मानी तुर्कांशी लढताना इराणचा शाह अब्बास पहिला याने अरास नदीकाठच्या जुल्फा शहरातील आर्मेनियन रहिवाशांना सक्तीने हलवले आणि आपली राजधानी इस्फहानच्या शेजारी वसवले. त्या वस्तीचे नाव नवे जुल्फा. उखडलेल्या या लोकांनी काही दशकांत रेशमाच्या व्यापारात असा जम बसवला की त्यांच्या पेढ्यांचे धागे युरोपातील ॲमस्टरडॅमपासून पूर्वेकडे मनिलापर्यंत पोहोचले. सुरत हा त्या जाळ्यातला मोठा गाठोडा. सुरतेचा ख्वाजा मिनास सतराव्या शतकात स्वतःची जहाजे राखून होता.

१०/ इंग्रजांना या जाळ्याची गरज होती. २२ जून १६८८ रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि ख्वाजा फानूस कलंतर यांच्यात करार झाला. आर्मेनियन व्यापाऱ्यांना कंपनीच्या ठाण्यांत राहण्याची, घरे-जमिनी घेण्याची, मुलकी पदे मिळवण्याची मुभा मिळाली. एक कलम विशेष आहे : कंपनीच्या ज्या शहरात चाळीस किंवा अधिक आर्मेनियन राहतील, तिथे त्यांना चर्चसाठी जागा मिळेल, कंपनी आधी लाकडी प्रार्थनाघर बांधून देईल आणि सात वर्षे पाद्र्यासाठी सालीना पन्नास पौंड देईल. देवघर कधी बांधायचे, हे माणसे मोजून ठरवणारा हा करार.

११/ पण हे चाळीस कोण? बहुतांशी पुरुष. जुल्फाच्या व्यापाराची रीतच तशी होती. भांडवल घालणारा धनी घरी बसे. तरुण गुमास्ता त्याचे पैसे आणि माल घेऊन वर्षानुवर्षे परमुलखात फिरे आणि परतल्यावर नफ्यातला ठरलेला वाटा घेई. होव्हान्नेस नावाच्या अशा एका गुमास्त्याची हिशेबवही आज उपलब्ध आहे. १६८२ मध्ये तो जुल्फाहून निघाला. सुरत, आग्रा, पाटणा, नेपाळ असे करत थेट तिबेटातील ल्हासाला पोहोचला आणि तिथे काही वर्षे राहिला. वहीतल्या नोंदी १६९३ पर्यंतच्या आहेत. म्हणजे अकरा वर्षे हा माणूस घराबाहेर.

१२/ घर मागे जुल्फात होते, आणि भाकरी घरात होती. लवाशचे पीठ साधे : गहू आणि पाणी. कसब हातांचे. एक जण गोळे करते, दुसरी लाटून पातळ करते, तिसरी ती पोळी लांबट उशीवर ताणून तोनीरच्या तापलेल्या भिंतीवर थापते. अर्ध्या ते एका मिनिटात भाकरी तयार. वाळवून रचून ठेवली तर सहा महिनेही टिकते. लग्नात नवरा-नवरीच्या खांद्यांवर लवाश ठेवतात, घर भरलेले राहावे म्हणून. एकट्या माणसाला हे सारे करता येत नाही, आणि करण्यात त्याला काही अर्थही नाही.

१३/ मराठी वाचकाला हे परके वाटू नये. खानदेशात मांडे करणारी बाई पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठी करते आणि पालथ्या खापरावर टाकते. ताणण्याचे तेच कसब, फक्त उशीच्या जागी हात. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया करायला गल्लीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या अंगणात जमतात, तीही तीच रीत : एकदा राबायचे आणि वर्षभर खायचे. मराठी बायबलात तर युरोपच्या पावालाही 'भाकर' हाच शब्द आहे. शब्द बदलतात, पण जमलेल्या बायकांशिवाय या भाकऱ्या होत नाहीत.

१४/ भट्टीच्या नावाची कहाणीही लांबची आहे. आर्मेनियन तोनीर, फारसी तनूर, अरबी तन्नूर, तुर्की तांदिर आणि आपला तंदूर ही एकाच घराण्यातली नावे. त्यांचा सर्वांत जुना पूर्वज मेसोपोटेमियाच्या अक्कडी भाषेतला 'तिनूरू'. शब्द हजारो वर्षे, हजारो मैल चालत आला. वस्तू मात्र चालत नाही. तोनीर जमिनीत पुरलेला असतो. आज सुरत, उद्या मुंबई, परवा मद्रास अशा बिऱ्हाडाला तो गाठोड्यात बांधून नेता येत नाही.

१५/ तरी एक आर्मेनियन भाकरी चर्चबरोबर फिरत राहिली. आर्मेनियन चर्चच्या उपासनेत बिनखमिराची, ठसा उमटवलेली छोटी गोल भाकरी लागते. तिला 'नेशखार' म्हणतात. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चे आंबवलेली भाकरी वापरतात, त्यामुळे हे आर्मेनियन वेगळेपण उठून दिसते. जिथे आर्मेनियन पाद्री आणि वेदी, तिथे नेशखार आलीच. ही भाकरी पोट भरण्यासाठी नसते. मेडोज स्ट्रीटवर भक्तांपुरती ती असणार. पण वेदीवरची भाकरी शेजारच्या घरात जात नाही.

१६/ सगळेच आर्मेनियन फिरते नव्हते, हेही नोंदवायला हवे. मराठ्यांच्या इतिहासातही एक ठळक आर्मेनियन आहे : ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेतला कर्नल जेकब पेट्रस. अनेक दशके शिंद्यांची चाकरी करून तो १८५० मध्ये ग्वाल्हेरलाच वारला. मद्रासला १७९४ मध्ये 'अझ्दारार' निघाले. ते जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक. कलकत्त्यात १८२१ मध्ये आर्मेनियन शाळा सुरू झाली. जिथे घरे थाटली गेली तिथे शाळा आली, छापखाना आला, आणि कधीकधी स्वयंपाकही उरला.

१७/ कलकत्त्याचे उदाहरण बोलके आहे. बंगाली घरांतला 'पोटोलेर दोर्मा', म्हणजे सारण भरलेले परवर, याचे श्रेय आर्मेनियनांच्या दोल्म्याला दिले जाते. द्राक्षाच्या पानाची जागा परवराने घेतली. आर्मेनियन वस्ती विरत गेली तरी पदार्थ राहिला, कारण तो शेजारणीच्या हाती गेला होता. पदार्थ टिकण्याची ही दुसरी वाट : आपल्या घरातून दुसऱ्याच्या चुलीवर.

१८/ मुंबईत भाकरीसाठी ही वाट जवळजवळ बंदच होती. परधर्मीयाने भाजलेली भाकरी खाणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी ठाम समजूत होती. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणात आणि गोव्यात आजही ऐकू येतात. त्या कथा कितपत घडल्या यापेक्षा त्या सांगितल्या गेल्या, हे महत्त्वाचे. पावाच्या एका तुकड्यात माणसाची जात उलटवण्याची ताकद आहे, असे समाज मानत होता.

१९/ म्हणूनच १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या परमहंस सभेने पावालाच हत्यार केले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त सभेत दाखल होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. बैठका लपूनछपून होत. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची धास्ती पसरली आणि सभा मोडली. पाव खाणारे तरुण पुष्कळ होते. पाव खाल्ला असे उघड सांगणारे थोडे.

२०/ तीस वर्षांनंतरही चित्र फारसे निराळे नव्हते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. पुढे नावे वर्तमानपत्रात आली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचा वाद पेटला. जिथे एका बिस्किटावरून एवढे रण माजते, तिथे मूठभर परदेशी व्यापाऱ्यांची भाकरी शेजारच्या चुलीवर जाईल ही अपेक्षाच व्यर्थ.

२१/ मग इराणी बेकऱ्या कशा टिकल्या? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि आसपासच्या भागातून आलेले जरथुष्ट्री आणि मुसलमान इराणी मुंबईत स्थिरावले. जुल्फाचे आर्मेनियनही त्याच इराणातून आलेले. फरक व्यवसायाचा. इराण्यांनी भाकरीचेच दुकान मांडले, आणि तेही कोपऱ्यावर, गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी यांच्या वाटेत. धोबीतलावचे 'कयानी' १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे 'ब्रिटानिया' १९२३ चे. जाळीदार मगज आणि कडक कवच असलेला ब्रून पाव चहात बुडवताना गिऱ्हाईक जात विसरले असे नव्हे. पण बाजाराने ती विचारणे हळूहळू सोडून दिले.

२२/ दरम्यान लवाशच्या नशिबी वेगळीच चढाओढ आली. १९१५ च्या नरसंहारानंतर आर्मेनियन घरे पुन्हा जगभर विखुरली आणि भाकरी हीच अनेकांची मायभूमी झाली. २०१४ मध्ये युनेस्कोने लवाश ही आर्मेनियाच्या संस्कृतीची खूण म्हणून आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान यांनी मिळून पातळ भाकऱ्यांच्या संस्कृतीची स्वतंत्र नोंद करवली. तीतही लवाश आहे. एकाच भाकरीवर दोन नोंदी. भट्टीचा शब्द अक्कडी काळापासून सर्वांचा. मालकीचा वाद मात्र या शतकातला.

२३/ हा प्रश्न आता मुंबईच्या दाराशीही आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शहराच्या हवेसाठी तो आवश्यक म्हणावा लागेल. जुन्या भट्टीवाल्यांसाठी तो खर्चाचा आणि चवीचा प्रश्न आहे. तरीही बाजारातल्या भाकरीची बाजू मांडायला संघटना आहेत, वकील आहेत, बातम्या आहेत. घरातल्या भाकरीची बाजू कोणी मांडत नाही. उत्तनच्या एखाद्या घरी यंदाच्या लग्नात फुगिया केटररकडून आल्या, तर ती बातमी होत नाही.

२४/ आर्मेनियन लेनचा धडा इथे उपयोगी पडतो. चर्चसाठी करारात कलम होते. चर्च उभे राहिले. गल्लीला नाव मिळाले. ते नकाशावर राहिले. दगडाची आणि कागदाची सोय कोणी ना कोणी करतो. भाकरीसाठी कलम नव्हते, दुकान नव्हते, तिला शेजारीण मिळाली नाही. व्यापारी संपन्न होते, त्यांच्या हिशेबवह्या चोख होत्या. त्यांच्या गल्लीतून काय नाहीसे झाले, ते त्या वह्यांत कुठेच मांडलेले नाही.

२५/ तेव्हा या फेरीचा क्रम उलटा धरावा. सकाळी फोर्टात आर्मेनियन लेन आणि सेंट पीटरचे चर्च बाहेरून पाहावे, इराण्याकडे ब्रून पाव खावा, आणि दुपारच्या लोकलने भाईंदरला परतावे. स्टेशनवरून उत्तनकडे जाणाऱ्या बसने धारावीची टेकडी गाठावी; वरून खाडीचे तोंड दिसते. शेवटचा टप्पा ओळखीच्या एखाद्या घरी, आधी विचारून, तांदळाच्या पिठाची परात पुढ्यात घेऊन. भाकरी पहिल्यांदा थापताना कडा फाटतात. शिकवणारी आजी हसते आणि म्हणते, पाणी थोडे जास्त घाल. ते प्रमाण कोठेही लिहिलेले नाही. तिच्यापाशी बसूनच ते घ्यावे लागते.